घरोघरच्या चित्रफिती तबकडीवर कशा उतराव्या

विद्यार्थिमित्रहो, आपल्या घरी कपाटाच्या माथ्यावर अथवा माळ्यावरील पेटीत, पितळेच्या जुन्या भांड्यांच्या शेजारी, काळ्या रंगाची व लहानशा पुस्तकाएवढी एखादी कॅसेट पडलेली आहे काय, ह्याचा आज घरी गेल्यावर शोध करावा. बहुधा ती सापडेल, आणि तिच्या वेष्टनावर आईवडिलांच्या किंवा आत्याच्या विवाहाची तारीख लिहिलेली असेल. १९८२ साली दिल्ली येथे आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या व त्याच वर्षी आपल्या देशात रंगीत दूरचित्रवाणी आली. पुढील वीस-पंचवीस वर्षांत खेड्यांतील विवाहांतही खांद्यावर कॅमेरा घेतलेला एक मनुष्य व त्याच्यामागे प्रखर दिवा धरून चालणारा दुसरा, अशी जोडी मांडवात दिसू लागली. ज्या घरी यंत्र नसे ते लोक एका रात्रीपुरता दूरचित्रवाणी संच व व्हीसीआर भाड्याने आणीत, आणि अर्धी आळी अंगणात जमून पहाटेपर्यंत तीन तीन चित्रपट पाही. आम्हीही ते पाहिले आहेत, व दुसऱ्या दिवशी वर्गात डुलक्या घेतल्याबद्दल छड्याही खाल्ल्या आहेत.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत नववीच्या वर्गातील एक विद्यार्थी अशीच एक कॅसेट घेऊन आमच्याकडे आला. त्याचे कुटुंब आज पवनीस राहते. परंतु त्यांचे मूळ गाव वैनगंगेच्या काठी, गोसीखुर्द धरणाच्या वरच्या अंगास होते. त्या धरणाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी ह्यांच्या हस्ते बसविण्यात आली, हे तुम्ही भूगोलाच्या तासास ऐकले आहे. पुढे पाणी टप्प्याटप्प्याने चढले, भंडारा व नागपूर जिल्ह्यांतील अनेक गावे उठली, त्यांत हेही गाव उठले. कॅसेट १९९६ सालच्या एका विवाहाची होती. विवाह ज्या अंगणात झाला ते अंगण आता पाण्याखाली आहे, आणि त्या अंगणाचे दुसरे एकही चित्र त्या कुटुंबापाशी नाही. मुलाच्या आजींची इच्छा ती एकदा पाहावी अशी होती. पाहणार कशी? घरचे यंत्र केव्हाच भंगारात गेलेले. आम्ही गावात विचारपूस केली, तेव्हा चौथ्या ठिकाणी एक चालू यंत्र मिळाले, तेही धुळीने भरलेले.

येथे पहिली गोष्ट समजून घ्यावयाची ती ही, की फीत शाबूत असली तरी ती वाचणारे यंत्र नाहीसे झाले म्हणजे फीत मुकी होते. जपानात व्हीएचएस पद्धतीचे यंत्र १९७६ साली बाजारात आले. आणि ही यंत्रे करीत राहिलेल्या शेवटच्या मोठ्या कंपनीने, म्हणजे जपानच्याच फुनाईने, २०१६ सालच्या जुलै महिन्यात त्यांचे उत्पादन थांबविले. आज जी यंत्रे चालतात ती सर्व जुनी आहेत. त्यांचे सुटे भाग नवे होत नाहीत, व ती दुरुस्त करणारे कारागीर वृद्ध झाले आहेत. युनेस्कोच्या आश्रयाने २०१९ साली जगभरच्या संस्थांस असा इशारा देण्यात आला होता की, चुंबकीय फितींवरील ठेवा २०२५ च्या सुमारापर्यंत उतरवून घ्यावा, नाहीतर त्यातील पुष्कळसा पुढे वाचताच येणार नाही. ती मुदत येऊन गेली असे समजूनच आपण कामास लागावे.

फितीची रचना अशी. अर्धा इंच रुंदीची, अतिशय पातळ अशी पॉलिएस्टरची पट्टी असते. तिच्या एका अंगास लोहाच्या ऑक्साइडचे सूक्ष्म कण एका चिकट द्रव्यात कालवून लेपलेले असतात. चित्र व ध्वनी ह्यांचे विद्युत्संकेत त्या कणांच्या चुंबकीय दिशेच्या रूपाने साठतात. व्हीसीआरमध्ये ६२ मिलिमीटर व्यासाचा एक गोल डमरू तिरका बसविलेला असतो व त्यावर समोरासमोर दोन सूक्ष्म चुंबकीय शीर्षे असतात. आपल्या देशातील पद्धतीत हा डमरू मिनिटास १५०० वेळा फिरतो. फीत मात्र सेकंदास केवळ २.३३९ सेंटीमीटर इतक्या मंद गतीने पुढे सरकते. डमरूचा परीघ काढून त्यास २५ ने गुणावे, म्हणजे शीर्षे फितीवरून सेकंदास जवळजवळ पाच मीटर वेगाने घासत जातात असे दिसेल. हा वेग चांगल्या पळविलेल्या सायकलीचा होय. प्रत्येक घासणीबरोबर फितीवर एक तिरपी रेघ उमटते व त्या रेघेत अर्धे चित्र असते: एकदा विषम ओळी, एकदा सम ओळी. अशी पन्नास अर्धी चित्रे मिळून सेकंदास पंचवीस पूर्ण चित्रे होतात. तीन तासांच्या कॅसेटमध्ये फीत किती लांब असावी, हे गणित आम्ही नववीच्या वर्गास घातले. उत्तर सुमारे २५३ मीटर येते. एकाने २५३ किलोमीटर काढले, म्हणजे त्याची फीत पवनीहून नागपूरही ओलांडून गेली.

इतक्या नाजूक वस्तूचे आयुष्य किती असावे? आपल्या गावच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली उत्खनन झाले, तेव्हा दोन हजार वर्षांपूर्वीच्या स्तूपाचे अवशेष व ब्राह्मी लिपीतील कोरीव लेख सापडले. ज्यास ती लिपी येते तो ते लेख आजही वाचू शकतो; त्यास मध्ये दुसरे कोणतेही यंत्र लागत नाही. ह्याच्या उलट इंग्लंडातील एक उदाहरण सांगतो. तेथे १०८६ साली राजाच्या आज्ञेने साऱ्या जमिनीची व गुराढोरांची मोजदाद एका ग्रंथात लिहिली गेली. तिला नऊशे वर्षे झाली म्हणून १९८६ साली बीबीसीने शाळांतील मुलांकडून आपापल्या गावाचे वर्णन व छायाचित्रे गोळा करवून ती लेसर तबकड्यांवर नोंदविली. दहा लाखांहून अधिक लोकांचे हात त्या कामास लागले. परंतु पंधरा-सोळा वर्षांत ती तबकडी वाचणारी यंत्रेच दुर्मिळ झाली व ते भांडार वाचविण्यासाठी विद्वानांना स्वतंत्र प्रयत्न करावे लागले. १०८६ चा ग्रंथ मात्र अद्याप उघडून वाचता येतो! आपल्याकडेही ह्याहून फार निराळे घडलेले नाही. दादासाहेब फाळके ह्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट मुंबईत ३ मे १९१३ रोजी लोकांस दाखविला गेला. पुण्यास १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तोपर्यंत त्याचा काही अंशच उरला होता, आणि तो अंश १९१३ चा की १९१७ साली पुन्हा केलेल्या चित्रपटाचा, ह्याविषयी अभ्यासकांत वाद आहे. जेथे फाळक्यांच्या चित्रपटाची ही दशा, तेथे आत्याच्या विवाहाची काळजी कोणते सरकारी संग्रहालय करणार? ती घरच्यांनीच केली पाहिजे.

आता कामाची रीत. यंत्रात घालण्यापूर्वी कॅसेट उजेडात धरून तिच्या काचेरी खिडकीतून आतील गुंडाळीच्या कडा पाहाव्या. तेथे पांढरी भुकटी अथवा तंतू दिसल्यास ती बुरशी समजावी. वैनगंगेच्या काठच्या पावसाळी हवेत अशा कॅसेटी पुष्कळ निघतात. बुरशी लागलेली फीत यंत्रात कदापि घालू नये. ती फीतही फाटते, आणि बुरशी शीर्षांस चिकटून मागाहून घातलेल्या चांगल्या कॅसेटीसही लागते. ती स्वच्छ करण्याचे काम जाणत्या कारागिराकडे द्यावे. मुलांनी ती उघडून फुंकर मारू नये, कारण ते कण श्वासाबरोबर छातीत जातात. कडा स्वच्छ असल्यास कॅसेट एक दिवस खोलीतील हवेत ठेवावी. मग यंत्रात घालून एकदा शेवटपर्यंत पुढे व एकदा आरंभापर्यंत मागे फिरवावी. वर्षानुवर्षे एकाच स्थितीत पडून गुंडाळीस आलेला ताण त्यामुळे सारखा होतो. यंत्राची परीक्षा मात्र घरच्या मोलाच्या कॅसेटीवर करू नये. त्यासाठी कोणाच्या उपयोगाची नसलेली एखादी कॅसेट आधी चालवून पाहावी. शीर्षे पुसावयाची असल्यास कापसाची काडी वापरू नये, तिचे तंतू शीर्षात अडकून ती मोडतात. तंतू न सुटणारे मऊ कापड किंवा हरणाच्या कातड्यासारखे मृदू चामडे आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून डमरूस स्थिर टेकवावे व डमरू हाताने सावकाश फिरवावा. वर-खाली घासू नये.

ह्याहूनही आधी करावयाची एक गोष्ट आहे, आणि ती आम्ही स्वतःच्या अपराधावरून शिकलो. कॅसेटच्या पाठीच्या कडेस एका टोकाशी नखाएवढी प्लॅस्टिकची पाकळी असते. ती जागेवर असेल तर त्या फितीवर नवे मुद्रण होऊ शकते. ती मोडून टाकली म्हणजे होऊ शकत नाही. आमच्या थोरल्या बहिणीच्या १९९५ सालच्या विवाहाच्या कॅसेटीची पाकळी कोणी मोडलेली नव्हती. त्या कॅसेटीत आमचे वडील पाहुण्यांचे आभार मानण्यास उभे राहतात. वडील २००३ साली वारले. त्यांचा आवाज अन्यत्र कोठेही नाही. काही वर्षांपूर्वी ती उतरवून घेत असताना रात्री उशिरा, चष्मा टेबलावर ठेवलेला, आम्ही थांबविण्याच्या कळीऐवजी मुद्रणाची कळ दाबली. चूक कळून हात परत जाईपर्यंत अकरा सेकंद गेले. आता वडील उठून उभे राहतात, हात जोडतात, तोंड उघडतात आणि पडदा निळा होतो. तो पुन्हा स्वच्छ होतो तेव्हा लोक टाळ्या वाजवीत असतात. मध्ये ते काय बोलले, ते बहिणीस थोडे आठवते व आईस निराळे आठवते. अमेरिकेच्या नासा संस्थेसही हा अनुभव आहे. जुलै १९६९ मध्ये मनुष्य चंद्रावर उतरला तेव्हाचे मूळ चित्रसंकेत ज्या फितींवर नोंदले होते, त्या फिती पुढे पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष त्या संस्थेने २००९ साली शोधाअंती काढला. जगाने त्या दिवशी पाहिलेल्या प्रक्षेपणाच्या प्रती होत्या म्हणून चित्र तेवढे वाचले. आमच्या फितीची दुसरी प्रत नव्हती. म्हणून कॅसेट हाती येताच प्रथम ती पाकळी मोडावी. कोणी तिच्या भोकावर चिकटपट्टी लावली असेल तर तीही काढून टाकावी.

यंत्र व संगणक ह्यांच्या मध्ये एक लहानशी डबी लागते. ती फितीवरून येणारे संकेत आकड्यांच्या रूपात बदलून संगणकास देते. यंत्राच्या पाठीमागे पिवळे, पांढरे व तांबडे अशी भोके असतात. पिवळ्यातून चित्र व इतर दोहोंतून ध्वनी येतो. पुष्कळशा घरगुती यंत्रांस ध्वनीचे एकच भोक असते, व मग उतरविलेला आवाज एकाच कानात ऐकू येतो. त्यात बिघाड समजू नये. संगणकात तो दोन्ही बाजूंस सारखा करून घेता येतो. संगणकावर पद्धत निवडताना ‘पाल’ निवडावी, कारण आपल्याकडे ६२५ ओळींची व सेकंदास २५ चित्रांची पाल पद्धतच चालत आलेली आहे. अमेरिकेतील नातलगांनी पाठविलेली कॅसेट असेल तर ती बहुधा ५२५ ओळींच्या एनटीएससी पद्धतीची असेल व तिला दोन्ही पद्धती जाणणारे यंत्र लागेल.

स्वस्त डबीत एक दोष असतो. जुनी फीत किंचित ताणलेली असते. त्यामुळे चित्राच्या ओळी अगदी ठरल्या क्षणी येत नाहीत, क्षणांशाने मागेपुढे होतात. डबी गोंधळून काही चित्रे गाळते, आणि तासाभरात ओठ हलण्याचा व शब्द ऐकू येण्याचा मेळ सुटतो. ह्या मागेपुढे होण्याची दुरुस्ती करणारे उपकरण निराळे मिळते, पण ते महाग आहे. एखाद्याच्या घरी जुना डीव्हीडी रेकॉर्डर अथवा २००० सालानंतरचा डिजिटल कॅमेरा असेल व त्यातून बाहेरचे संकेत आत घेऊन पुढे जाऊ देण्याची सोय असेल, तर तो मध्ये जोडून पाहावा; आमचे काम त्याने पुष्कळ सुधारले. चित्राच्या तळाशी दोन-चार ओळी तुटक दिसतात, त्याची चिंता करू नये. त्या पूर्वीही होत्या, जुन्या संचाच्या चौकटीआड झाकल्या जात एवढेच. चित्राचा आकार मात्र मूळचा चारास तीन ह्या प्रमाणातच ठेवावा. आजच्या रुंद पडद्यावर तो ताणून बसविला म्हणजे आपली आजी होती त्याहून एकतृतीयांशाने अधिक लठ्ठ दिसते!

वेळेची काटकसर ह्या कामात नाही. तीन तासांची कॅसेट उतरविण्यास तीन तासच लागतात, व तितका वेळ कोणीतरी जवळ बसले पाहिजे. मे महिन्यात वीज गेली म्हणजे पुन्हा आरंभ. संगणकात ७२० गुणिले ५७६ बिंदूंच्या मापाने, डीव्ही नावाच्या पद्धतीत साठविल्यास तासास सुमारे १३ गिगाबाइट जागा लागते. डीव्हीडी तबकडीत एकंदर जागा ४.७ गिगाबाइट. म्हणून तबकडीसाठी चित्र दाबून लहान करावे लागते, व तसे केल्यावर दोन तास बऱ्यापैकी मावतात. कित्येक दुकानदार तीन-चार तास एकाच तबकडीत कोंबतात. मग चेहऱ्यांवर चौकोन चौकोन दिसू लागतात. आमचे मत असे आहे की, मोठी मूळ प्रत संगणकाच्या बाह्य डिस्कवर तशीच राखावी, आणि तबकडी केवळ घरी पाहण्यासाठी व नातलगांस देण्यासाठी करावी.

ह्याचे कारण एका पालकांच्या अनुभवावरून ध्यानी येईल. त्यांनी २००८ च्या सुमारास आपल्या विवाहाची कॅसेट एका दुकानातून तबकडीवर करून घेतली व कॅसेट आता निरुपयोगी म्हणून टाकून दिली. तबकडी खिडकीजवळच्या फळीवर राहिली. घरी लिहिल्या जाणाऱ्या तबकडीत नोंद एका रंगद्रव्याच्या थरात होते, आणि तो थर ऊन व उष्णता ह्यांनी बिघडतो. आपल्याकडील उन्हाळा कसा असतो हे सांगावयास नको. त्यांनी ती आमच्याकडे आणली तेव्हा पहिली बारा मिनिटे चालली आणि पुढे काहीच निघाले नाही. आम्ही तीन निरनिराळ्या संगणकांवर खटपट केली. त्या बाई काही न बोलता तबकडी पुसून पुन्हा पाकिटात घालीत होत्या. तेव्हा मूळ कॅसेट उतरविल्यानंतरही टाकू नये. ती कोरड्या जागी, पुस्तकासारखी उभी ठेवावी. प्रती दोन असाव्या व त्या दोन घरी असाव्या. पाच-सहा वर्षांनी त्या उघडून पाहाव्या व नव्या साधनावर उतरवाव्या. आजच्या कित्येक नव्या संगणकांस तर तबकडी घालण्याची जागाच राहिलेली नाही.

आता त्या नववीतील मुलाच्या कॅसेटीकडे वळू. फीत सुदैवाने स्वच्छ होती. उतरवून झाल्यावर आजींस आम्ही शाळेत बोलाविले व संगणकासमोर बसविले. विवाहाच्या विधीकडे त्यांचे फारसे लक्ष नव्हते. कॅमेरा धरणाऱ्याने वरातीची वाट पाहत असता उगाच इकडेतिकडे कॅमेरा फिरविला होता. दुसऱ्या कोणी तेवढा भाग निरुपयोगी म्हणून कापून टाकला असता. त्यात पार दिसला, पाराखाली बांधलेली बैलजोडी दिसली, धानाच्या बांध्या दिसल्या. “थांबव बापू, थांबव,” आजी नातवास म्हणाल्या. “हे तं आपली बोडी व्हय.” बोडीच्या पाण्यावर एक पोरगा दगड मारीत होता. तो कोण हे त्यांनी सांगितले, त्याच्या बापाचे नाव सांगितले, तो आता कोठे कामास आहे तेही सांगितले. आम्ही विद्यार्थ्यास वही घेऊन शेजारी बसविले व प्रत्येक नावापुढे मिनिट व सेकंद लिहावयास लावले. यंत्र चेहरे उतरवून देते, नावे उतरवून देत नाही. आणि नावे जाणणारी माणसे यंत्रांहूनही लवकर जात आहेत. त्या एका दुपारी वहीची नऊ पाने भरली. चहा दोनदा गार झाला.

छत्तिसाव्या मिनिटास विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या सात बायका दिसतात. त्यांपैकी पाच जणींची नावे आजींनी सांगितली. उरलेल्या दोघींपैकी एक पाठमोरी आहे. दुसरीचा चेहरा स्वच्छ दिसतो. तिच्या हाती हिरव्या बांगड्या व कडेवर दीड-दोन वर्षांचे मूल आहे. ती गावातली नसून पाहुणी आली असावी, असे आजींस वाटते. ते चित्र छापून शाळेच्या कार्यालयाबाहेरील फलकावर लावले आहे. पालकांनी निकालाच्या दिवशी येतील तेव्हा ते पाहावे, आणि कोणी ओळखल्यास वर्गशिक्षकांपाशी असलेल्या त्या वहीत नाव लिहावे.